पहिल्या वर्षी हात आवरा

नवीन बाग हाती आली की सगळं एकदम लावायचा मोह होतो. मीही तेच केलं आणि निम्मी रोपं गमावली. आधी एक वर्ष नुसतं बघा: ऊन कुठे किती तास टिकतं, पावसाचं पाणी कुठे साचतं.

पाणी घड्याळ बघून घालू नका. बोट दोन इंच मातीत खुपसा, कोरडं लागलं तरच घाला. उन्हाळ्यात सकाळी लवकर, भरपूर, पण रोज शिंतोडे नकोत. शिंतोड्यांनी मुळं वरच राहतात. वाळका पालापाचोळा जाळू नका (जीव तुटतो बघून!), तो 2-3 इंच जाड पसरा, खोडापासून मात्र थोडा लांब, नाहीतर खोड कुजतं. बऱ्याच फुलझाडांची छाटणी फुलं येऊन गेल्यावर. तण पावसानंतर, माती ओली असताना उपटा, मुळासकट येतं.