टेस्ट हिरवी झाली, पण सापडली कोणती फाइल?

प्रश्न : आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीत कापूस खरेदीच्या काटापावत्यांची रोज एक सीएसव्ही फाइल निघते. ती निघाली का, हे पायटेस्टमधली (पायथन कोड तपासायचं साधन) एक टेस्ट बघते. पॅटर्न होता ‘पावती-*.सीएसव्ही’ (* म्हणजे तिथे काहीही चालेल). काट्याच्या सॉफ्टवेअरमधून एक्स्टेन्शन कॅपिटल अक्षरांत येतं, आमच्या पॅटर्नमध्ये ते स्मॉल आहे. माझ्या विंडोज लॅपटॉपवर टेस्ट पास व्हायची, लिनक्स सर्व्हरवर फेल. सोबतच्या मुलानं पॅटर्न ‘*पावती*’ केला आणि दोन्हीकडे पास झाली. बदल मंजूर करू का?
— एक वाचक, आर्वी, जि. वर्धा

उत्तर : आत्ता करू नका. दुखणं कॅपिटल-स्मॉलचं होतं, मुलानं कुंपणच काढून टाकलं.

पायथनचं ‘एफएनमॅच’ (नाव पॅटर्नशी जुळवणारं फंक्शन) ज्या सिस्टिमवर चालतं तिचा नियम लावतं. विंडोजवर कॅपिटल-स्मॉलचा फरक धरत नाही, लिनक्सवर धरतं. फाइलचं नाव आधी ‘लोअर’ (सगळी अक्षरं स्मॉल) करून घ्या आणि मग ‘एफएनमॅचकेस’ (कॅपिटल-स्मॉलचा फरक सगळीकडे धरणारं) वापरा, म्हणजे निकाल दोन्हीकडे सारखा येईल. मूळ पॅटर्न तसाच ठेवा. दुरुस्ती एवढीच, एका ओळीची.

‘*पावती*’मधून काय काय आत येतं ते बघा. कोणी ती फाइल लिब्रेऑफिसमध्ये उघडून ठेवली तर शेजारी ‘.~लॉक.’नं सुरू होणारी नि ‘#’नं संपणारी फाइल तयार होते, तिच्या नावात पावती आहेच. क्रोममधून अर्धवट उतरलेली ‘सीआरडाउनलोड’ फाइलही जुळते. ‘जुनी पावती’ नावाचं फोल्डरसुद्धा जुळतं. आजची फाइल निघालीच नाही आणि कालची तिथे पडलेली आहे, तरी टेस्ट पास! अशी टेस्ट असून नसल्यासारखीच.

रिव्ह्यू करताना आधी जुन्या कोडवर नवी टेस्ट लिनक्सवर चालवा. ती फेल झालीच पाहिजे; झाली नाही तर ती दुरुस्ती तपासतच नाही. मग ‘पॅरामेट्राइझ’ला (एकच टेस्ट अनेक नावांवर चालवणारी पायटेस्टची सोय) दोन याद्या द्या : जुळायलाच हवीत अशी दोन-तीन नावं, आणि जुळता कामा नयेत अशी वर सांगितलेली. दुसरी यादी पहिलीपेक्षा लांब असू द्या. फाइली पायटेस्ट देतं त्या ‘टीएमपी_पाथ’च्या रिकाम्या फोल्डरमध्ये बनवा, सामायिक फोल्डरवर टेस्ट कधीच लावू नका. तारीखही टेस्टनंच ठरवून द्यावी. ‘आज’ वापरलं तर मध्यरात्री चाललेली टेस्ट विनाकारण फेल होईल.

कोणी ग्लोबऐवजी (वरच्यासारखा * वाला पॅटर्न) रेजेक्स (रेग्युलर एक्स्प्रेशन, पॅटर्न लिहायची दुसरी पद्धत) सुचवलं तर सांभाळून. तिथे टिंब म्हणजे कोणतंही एक अक्षर, आणि ‘मॅच’ शेवट तपासत नाही. त्यामुळे ‘….सीएसव्ही.बॅक’ही चालून जातं. ‘फुलमॅच’ वापरा, टिंबाआधी बॅकस्लॅश द्या.

आणखी एक. मधेच लाइन गेली तर अर्धी लिहिलेली फाइलही नावानं बरोबर जुळेल. ते पॅटर्ननं सुटत नाही. लिहिताना फाइलला त्याच फोल्डरमध्ये तात्पुरतं नाव द्या आणि पूर्ण झाल्यावर ‘ओएस.रिप्लेस’नं खरं नाव लावा.

प्रश्न : ‘शेतकऱ्यांची_यादी’ ही फाइल डोळ्यांना दिसते, टेस्टला सापडत नाही. नाव कॉपी-पेस्ट केलं तर सापडते. असं का?
— एक वाचक, घाटंजी, जि. यवतमाळ

उत्तर : घोळ ‘ऱ्या’मध्ये आहे. हा अर्धा र तीन तऱ्हांनी टाइप होतो. एक, ऱ हे स्वतंत्र अक्षर (युनिकोड ०९३१) आणि हलन्त. दोन, साधा र, नुक्ता आणि हलन्त. तीन, साधा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक (२००डी). पडद्यावर तिन्ही सारखे दिसू शकतात, पण लिनक्स नावं बाइटनं बाइट ताडून बघतं. तुमच्या नावात कोणता आहे ते ‘आस्की’ फंक्शननं छापून पाहा, कोड लगेच दिसतील.

पायथनचं ‘नॉर्मलाइझ’ एनएफसी (सुटे तुकडे जोडून एक अक्षर करणारा युनिकोडचा प्रकार) लावून चालवलं की पहिला आणि दुसरा एक होतात. तिसऱ्याला ते हात लावत नाही. लोक इथेच फसतात. त्यासाठी ‘र, हलन्त, जोडक’च्या जागी ‘ऱ, हलन्त’ असा बदल वेगळा लिहावा लागतो. तो फाइलच्या नावावर आणि पॅटर्नवर, दोन्हीकडे करा.

आणि हो, पायथनच्या ‘आरई’मधल्या (रेजेक्सचं मॉड्यूल) बॅकस्लॅश-डब्ल्यूवर (‘शब्दातलं कोणतंही अक्षर’ची खूण) विसंबू नका. ते मात्रा, अनुस्वार, हलन्त यांना अक्षर मानत नाही. ‘आर्वी’मधून ‘आर’ हाती येतं, ‘घाटंजी’मधून नुसता ‘घ’. ‘अंडरस्कोर सोडून काहीही’ असा वर्ग लिहा.

प्रश्न : टेस्ट यादीतली शेवटची फाइल ताजी समजते. कधी पास होते, कधी फेल.
— एक वाचक, मेहकर, जि. बुलडाणा

उत्तर : ‘लिस्टडिर’ आणि ‘ग्लोब’ (फोल्डरमधल्या फाइलींची यादी देणारी फंक्शनं) क्रमाची हमी देत नाहीत. ‘सॉर्टेड’ लावा. तारीख मात्र वर्ष-महिना-दिवस अशीच हवी, महिना-दिवस दोन अंकी. दिवस आधी लिहिला तर ०१-१२-२०२५ ही ३०-११-२०२५ च्या आधी लागते.