चुलते माळकरी झाले, खरं बांध तिथंच आहे

प्रश्न: सर, माझ्या माहेरची लक्ष्मी यात्रा तोंडावर आलीय. पोरांनी नाटक बसवायला घेतलंय, लिहिलंय माझ्या भाच्यानं. तिसऱ्या अंकात सावकार विधवेच्या पाया पडतो, ती माफ करते, पडदा. गावाला फार आवडलंय. मला तालीम बघवत नाही. माझ्या चुलत्यांनी वडिलांचा अंगठा घेऊन आमचे 12 गुंठे आपल्या उताऱ्यावर चढवले. आता ते माळकरी झालेत, वारी करतात, सप्त्यात पुढं उभे असतात. ‘माणूस सुधारला, आता तू बी सोड,’ असं जो तो म्हणतोय. नाटकाला देणगीही तेच देणार आहेत. मी कोत्या मनाची आहे का?
— एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर: नाही, ताई.

आधी नाटकाचं बोलतो, त्यातलं मला थोडं कळतं. मास्तरकी करत 22 वर्षं मी यात्रेच्या नाटकांत सावकार, पाटील आणि कपटी मामा झालोय. शेवटी सुधारणारा खलनायक करायला सगळ्यांत सोपा. दोन अंक शिव्या खायच्या, तिसऱ्यात गुडघे टेकायचे, टाळ्या आपल्याच. विधवेचं काम करणाऱ्या बाईला तिथं काही उरत नाही. तिनं ‘नाही’ म्हटलं तर नाटक पडतं, म्हणून ती ‘हो’ म्हणते. गाव तुम्हाला तेच काम देतंय.

खलनायकाला संधी द्यावी का? रामायणात दिलीच की. अंगद लंकेत शिष्टाईला गेला तो त्याचसाठी. तप कर, देवाचं नाव घे, अशी अट त्यानं घातली नाही. ते रावणाचं आधीच करून झालं होतं, त्याच्याएवढा शिवभक्त आणायचा कुठून? मागणी एकच होती, सीता परत दे. तुमच्या चुलत्यांच्या भक्तीवर मी शंका घेत नाही. ‘जे खळांची व्यंकटी सांडो’ हे तेही टाळ धरून म्हणत असतील. व्यंकटी म्हणजे वाकडेपणा. खळ मरो असं ज्ञानदेव म्हणत नाहीत, त्याचं वाकडं तेवढं जावो म्हणतात. तुमच्या शेताचा बांध अजून वाकडाच आहे.

आता माझं सांगतो, कारण मीही एका घरात खलनायक आहे. नोकरीच्या सुरुवातीला वर्गातले फीचे पैसे गेले. मी एका पोराला चोर ठरवून सगळ्यांसमोर मारलं. चार दिवसांनी पैसे माझ्याच हजेरीपटाच्या कव्हरात सापडले. मी गप्प राहिलो. पोरानं शाळा सोडली. पुढं बऱ्याच वर्षांनी निपाणीच्या स्टँडवर त्यानं मला ओळखलं. तंबाखूच्या वखारीत कामाला होता. मी तिथंच रडायला लागलो, हात जोडले. तो म्हणाला, “सर, मी विसरलोय. खरं तुमचा हात बघितला की आठवतंय.”

आपण ‘पण’ला ‘खरं’ म्हणतो आणि पुण्याकडचे पाहुणे हसतात. हसू देत. त्या दिवशी तो शब्द दोन्ही अर्थांनी लागला.

काय करू, असं विचारल्यावर तो म्हणाला, “माझ्या आईला सांगा.” मी पुढच्याच रविवारी गेलो. म्हातारीनं चहा ठेवला, सगळं ऐकून घेतलं, बराच वेळ चुलीकडं बघत राहिली. मग म्हणाली, “त्या रात्री मी त्याला जेवाय घातलं न्हवतं, मास्तर.” बास, एवढंच. माफ केलं असं ती बोलली नाही, मीही मागितलं नाही. चहा पिऊन उठलो. त्याची शाळा काही परत आली नाही.

म्हणून चुलत्यांना संधी द्या, दार लावू नका. खरं ते दार कचेरीकडं उघडतं, देवळाकडं नाही. मध्यस्थी करायला जो येईल त्याला म्हणा, आधी मोजणी आणा, 12 गुंठे आमच्या उताऱ्यावर चढू द्या, मग माफीचं बघू. तेव्हाही माफ करावंसं वाटलं नाही तर नका करू. जमीन परत मिळाली म्हणून माफी देणं लागत नाही, ती काही पावती नव्हे.

देणगीचं मंडळानं ठरवावं. माझं मत विचाराल तर चुलत्यांचं नाव माईकवरून पुकारू नये. तुम्ही समोर बसलेल्या असणार.

आणि भाच्याला एक निरोप द्या. तिसऱ्या अंकात सावकाराला रडवू नको म्हणावं. टेबल मांड, कागद ठेव, त्याला सही करू दे, आणि ती होईपर्यंत विधवेला खुर्चीवर बसव. रडायचं काम मी 22 वर्षं केलंय, त्याला काही लागत नाही. सही करताना मात्र माझा हात स्टेजवरसुद्धा अडखळायचा.