कार्डाच्या फॉर्मवर रेसिडेंट की एनआरआय? आधी १५जी वर काय लिहून दिलंय ते बघा

एका वाचकाचं पत्र थोडक्यात असं. कोल्हापुरात राजारामपुरीत स्वतःचा फ्लॅट, बायको-मुलगी तिथंच, स्वतः ऑगस्ट २०२२ पासून दुबईत नोकरीला, गणपतीला महिनाभर येणं. इथल्या बँकेत कॉलेजपासूनचं सेव्हिंग खातं, पगार त्यातच पाठवतात, १८ लाखांची एफडी झालीय. आता क्रेडिट कार्ड पाहिजे, आणि बँकेतला पोरगा म्हणतोय, "सर घर तुमचंच आहे ना, मग रेसिडेंट टिक करा, चार दिवसांत कार्ड येतंय." तर करू का, असा प्रश्न.

एनआरआय टिक करा, विषय संपला. घर कुणाचं हा त्याच फॉर्मवरचा वेगळा रकाना आहे, तिथं 'स्वतःचं' लिहा खुशाल. नोकरीसाठी देश सोडला की फेमा म्हणजे परकीय चलनाच्या कायद्यात त्या दिवसापासून तुम्ही अनिवासी, तिथं १८२ दिवस मोजत बसायचं नसतं, ते दिवस इन्कम टॅक्सवाले मोजतात. आणि त्या हिशोबानंही तुम्ही बाहेरचेच.

पण कार्डाचं राहू दे राव. तुम्ही सहज लिहून गेलाय की बँकेनं व्याजातून टीडीएस, म्हणजे आधीच टॅक्स, कापू नये म्हणून दरवर्षी १५जी फॉर्म भरून देता. तो फॉर्म फक्त रेसिडेंट माणसाचा! म्हणजे जी टिक करू का म्हणून मला विचारताय ती तुम्ही दरवर्षी सही करून देताच आहात, आणि खोटं डिक्लेरेशन खटल्यापर्यंत जाऊ शकतं. बरं, एवढं करून मिळवलं काय? १८ लाखांवर ७ टक्क्यांनी वर्षाला सव्वा लाख व्याज. एनआरओ, म्हणजे एनआरआयच्या इथल्या पैशांच्या खात्यात ३१.२ टक्के टीडीएस, म्हणजे ३९ हजार कापले असते, इथं दुसरं उत्पन्न नाही म्हणताय तर रिटर्न भरून सगळे परत आले असते. आणि हाच पगार पहिल्यापासून एनआरई, म्हणजे बाहेरची कमाई ठेवायच्या खात्यात आला असता तर व्याजावर टॅक्सच नाही, ना टीडीएस ना रिटर्नची कटकट.

तेव्हा १५जी बंद, बँकेला लेखी कळवून जुनं खातं एनआरओ करून घ्या, नवीन एनआरई उघडा, पुढचा पगार तिकडं. जुने १८ लाख सीएचं सर्टिफिकेट घेऊन एनआरईत नेता येतात. फेमात दंड रकमेच्या तिप्पटीपर्यंत आहे, उद्या कुणी दारात येणार नाही, पण आपणहून दुरुस्त केलेलं कधीही बरं. मागच्या वर्षांचं काय करायचं ते सीएला सगळे कागद दाखवून विचारा, अर्धे लपवून नको.

आता शेवटची ओळ, जी तुम्ही 'जाता जाता' लिहिलीय. त्याच पोरानं 'गॅरंटीड डबल' म्हणून वर्षाला २ लाखांची पॉलिसी दिली, कागद ९ दिवसांपूर्वी घरी आले. १० वर्षं भरायचे, २० व्या वर्षी ३८ लाख. २० चे ३८ ऐकायला लई भारी, पण हिशोब केला तर परतावा सव्वाचार टक्क्यांच्या आत येतो, तुमची एफडी ७ देतेय! हे विकणाऱ्याला कमिशन मिळतं, तुम्हाला कॅलेंडर. शिवाय प्रपोजल फॉर्मची कॉपी काढून बघा, तिथंही त्यानं रेसिडेंटच टिक केलेलं असणार. उद्या काही झालं तर क्लेमच्या वेळी वहिनींना तेच पान दाखवतील.

कागद हातात पडल्यापासून ३० दिवस फ्री लुक, म्हणजे पॉलिसी परत करायची मुदत असते, तुमचे २१ राहिलेत. विमा कंपनीला थेट मेल टाका, त्या पोरामार्फत नको, तो "सर, नेक्स्ट वीक बघू" म्हणत महिना काढेल. स्टॅम्प ड्युटी आणि तेवढ्या दिवसांच्या विम्याचे किरकोळ पैसे कापून बाकी परत येतात. दुबईत घरच्यांसाठी कव्हर नसेल तर साधा टर्म प्लॅन, म्हणजे नुसता जीवनविमा घ्या, एनआरआय म्हणून.

कार्ड घरखर्चालाच पाहिजे असेल तर वहिनींच्या नावानं छोटी एफडी करून त्यावर त्यांचंच कार्ड काढा. त्या कोल्हापुरातच राहतात, त्यांनी रेसिडेंट टिक करायला काही हरकत नाही.