लेकीच्या घरचा बॉयलर आणि तुमची ठेव

प्रश्न: मी 66 वर्षांचा, खासगी नोकरीतून निवृत्त, रत्नागिरीजवळ पावसला राहतो. पेन्शन नाही. सीनियर सिटिझन सेव्हिंग स्कीमच्या एका खात्यात 15 लाख आहेत, खात्याला दीड वर्ष झालं. शिवाय बँकेत तीन लाखांची एफडी आणि थोडी हापूसची कलमं. मुलगी इंग्लंडला लीड्समध्ये असते. तिच्या जुन्या घरातले रेडिएटर नीट तापत नाहीत, आत काळा गाळ झालाय. बॉयलर सात वर्षांचा आहे. एका कारागिराने नवा बॉयलर आणि तीन रेडिएटर मिळून 3,700 पौंड सांगितले, म्हणजे सव्वाचार लाख रुपये. दुसरा म्हणतो, 850 पौंडांत सगळं आतून धुऊन फिल्टर बसवून देतो. घरात दोन वर्षांचा नातू आहे. स्कीममधले पैसे काढून पाठवू का?

उत्तर: स्कीमच्या खात्याला हात लावू नका. नातू गारठ्यात आहे म्हटल्यावर तुमचा जीव वरखाली होणारच. पण पैसे कुठून काढायचे याआधी ते कशावर खर्च होणार आहेत ते बघू, कारण इथे सगळा निर्णय त्यावरच फिरतो.

तिथल्या घरांत बॉयलर पाणी तापवतो आणि पंप ते खोल्याखोल्यांतल्या रेडिएटरमध्ये फिरवतो. पाणी तेच, वर्षानुवर्षं. रेडिएटर पोलादी पत्र्याचे असतात. पाण्यात हवा शिरली की पोलाद आतून गंजतं आणि मॅग्नेटाइट नावाची काळी पूड तयार होते. ती जड, म्हणून रेडिएटरच्या तळाशी बसते. मुलीला फोनवर विचारा, रेडिएटर वर गरम आणि खाली मधोमध गार लागतो का? लागत असेल तर गाळच. उलट वर गार आणि खाली गरम असेल तर आत हवा अडकली आहे, ती सोडायला एक छोटी किल्ली पुरते, खर्च जवळजवळ नाहीच. आतलं थोडं पाणी काचेच्या बरणीत घेऊन बाहेरून लोहचुंबक लावायला सांगा. काळे कण चुंबकाकडे सरकले तर शंका उरत नाही.

आता मुख्य गोष्ट. नवा बॉयलर बसवल्याने जुन्या पाइपांतला गाळ जात नाही. तो फिरत फिरत नव्या बॉयलरमध्ये येतो आणि आतल्या अरुंद वाटांत अडकतो. विहीर न उपसता नवा पंप सोडला तर काय होतं, हे पावसच्या माणसाला मी सांगायला नको. ब्रिटनमधलं बीएस 7593 हे मानकही बॉयलर नवा बसवताना पाइप-रेडिएटर धुऊन काढा, गंजरोधक रसायन घाला, फिल्टर बसवा, असंच सांगतं. हे केलं नसेल तर कंपनी वॉरंटी नाकारू शकते. म्हणजे धुण्याचा खर्च कोणत्याही वाटेने गेलं तरी आहेच. मग तो आधी करून बघण्यात काय बिघडतं? सात वर्षं हे बॉयलरचं म्हातारपण नव्हे, नीट निगा राखली तर असे बॉयलर दहा-पंधरा वर्षं चालतात.

धुण्यातही एक धोका आहे. गंजून पातळ झालेला एखादा रेडिएटर जोराच्या पाण्याने गळायला लागू शकतो. तेव्हा मुलीने 850 पौंडांवर एखाद्या रेडिएटरचे पैसे वेगळे धरून ठेवावेत. आणि बॉयलरमधलं पाणी वारंवार भरावं लागत असेल तर कुठेतरी गळती आहे. प्रत्येक भरणीबरोबर ताजी हवा आत जाते, गंज पुन्हा सुरू होतो. ती गळती काढल्याशिवाय धुण्यावरचे पैसे पाण्यातच जातील.

आता तुमच्या खात्याचं. या स्कीममध्ये लागतील तेवढे थोडे पैसे काढता येत नाहीत, खातं पूर्ण बंदच करावं लागतं. एक वर्षानंतर पण दोन वर्षांच्या आत बंद केलं तर ठेवीच्या दीड टक्का कापतात. सव्वाचार लाखांसाठी पूर्ण 15 लाखांवर कपात, म्हणजे 22,500 रुपये. उरलेले पैसे तुम्ही पुन्हा त्याच स्कीममध्ये ठेवले आणि दर 8.2 टक्केच मिळाला, तरी सव्वाचार लाखांवरचं वर्षाचं 34,850 रुपये व्याज गेलं. आज दर तिमाहीला तुमच्या हातात 30,750 रुपये येतात. म्हणजे घरखर्चासाठी येणारे एका तिमाहीहून जास्त पैसे दरवर्षी कमी होणार. जुन्या करपद्धतीत या ठेवीवर 80सीची सवलत घेतली असेल, तर ती रक्कम काढल्या वर्षीच्या उत्पन्नात धरली जाईल, तो फटका वेगळा. तुम्हाला पेन्शन नाही आणि कलमांचं उत्पन्न मोहोर टिकण्यावर अवलंबून. हेच खातं तुमची पेन्शन आहे.

मदत करायचीच असेल, आणि बाप म्हणून करावीशी वाटणारच, तर एफडीतून एक लाख द्या. दुसऱ्या कारागिराचा खर्च त्यात बसतो. एफडी मुदतीआधी मोडली तर व्याजात थोडी घट येईल, ती सोसण्यासारखी आहे. उरलेल्या दोन लाखांना मात्र हात नको. पावसाळ्याआधी छपराचं काम निघतं, दवाखाना सांगून येत नाही.

पैसे पाठवण्यात अडचण नाही. बँकेत पॅन आणि परदेशी पैसे पाठवण्याचा ए2 फॉर्म द्या, कारण म्हणून नातेवाइकाला भेट लिहा. आर्थिक वर्षात अशा पाठवणीची बेरीज 10 लाखांच्या आत असेल तर टीसीएस, म्हणजे पाठवतानाच बँक वसूल करते तो कर, कापला जात नाही. मुलीला दिलेल्या भेटीवर आपल्याकडे करही नाही. बँकेचे शुल्क आणि पौंडाचा भाव मात्र दोन बँकांत विचारून घ्या, फरक पडतो.

धुऊनही बॉयलर चालला नाही, आतला हीट एक्स्चेंजर, म्हणजे पाणी तापवणारा भाग, फुटलेला निघाला किंवा सुटे भाग मिळेनासे झाले असतील, तरच नव्याचा विचार. तेव्हाही तो मुलीने हप्त्यांवर घ्यावा. तिची कमाई पौंडांत आहे आणि पुढची बरीच वर्षं चालू राहणार आहे.

आज रात्री मुलीला एवढं सांगा: काम सुरू होईपर्यंत नातवाच्या खोलीत विजेचा ऑइल हीटर ठेव. बॉयलर उघडणारा कारागीर गॅस सेफ रजिस्टरवर, म्हणजे गॅसचं काम करायला मान्यता असलेल्यांच्या तिथल्या यादीत, आहे का ते त्याचं कार्ड मागून बघ. आणि दोघांकडून लेखी घे की धुणं, गंजरोधक रसायन आणि चुंबकाचा फिल्टर त्यांच्या किमतीत धरलाय की नाही. 3,700 पौंडांत हे धरलेलं नसेल, तर तो आकडा अजून वाढणार आहे.