फॉस्टरकडची देशी कुत्री दत्तक घेताना काय विचारावं?

पुण्यात फ्लॅटमध्ये राहतो, फॉस्टर घरी (म्हणजे कायमचं घर मिळेपर्यंत तिला तात्पुरतं सांभाळणाऱ्यांकडे) असलेली देशी कुत्री घ्यायची आहे, तर आधी काय बघावं, असं तुम्ही विचारलंय. सगळ्यात आधी फॉस्टरशी निवांत बोला. कुकरच्या शिट्टीला ती दचकते का, लिफ्टमध्ये शिरते का, एकटी राहिली की दार ओरबाडते का, हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसतं. भेटायला जाल तेव्हा घरातल्या सगळ्यांना घेऊन जा, आजीआजोबांनासुद्धा.

लसीकरणाचं कार्ड आणि नसबंदीचा कागद बघाच. गोचीडताप होऊन गेलाय का, हेही विचारा. आपल्याकडे तो फार होतो. दत्तक देणारी संस्था तुमचं घर बघायला येईल, करारावर सही मागेल. त्याचं वाईट वाटून घेऊ नका, ती कुत्रीच्या भल्यासाठीची काळजी आहे. सोसायटीने आडकाठी केली तर भारतीय जीवजंतु कल्याण मंडळाची २०१५ची मार्गदर्शक तत्त्वं दाखवा: ठराव करूनही पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही. महापालिकेचा परवाना मात्र काढा.

तिची तिथली चादर न धुता आणा, सुरुवातीला खाणंही तेच ठेवा. पहिल्या दिवशी पलंगाखाली बसून राहिली तर ओढून बाहेर काढू नका. पाणी जवळ ठेवा, ती आपणहून येईल.