करिअर मार्गदर्शन: ‘जेम्स विल्सनसारखं व्हायचंय, पण बाबा कर्ज काढायला तयार नाहीत’

प्रिय विद्यार्थी मित्रा,

तू पुण्यात बीए एलएलबीच्या चौथ्या वर्षाला आहेस. अमेरिकेत एलएलएम (कायद्यातली पदव्युत्तर पदवी), तिथेच वकिली आणि पुढे तिथलंच राजकारण, असा बेत तू कळवलास. आदर्श जेम्स विल्सनचा: स्कॉटलंडहून आलेला वकील, अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावरही सही आणि राज्यघटनेवरही. घर तारण ठेवायला बाबा नाही म्हणतात, तर त्यांची समजूत कशी घालू, हा तुझा प्रश्न.

समजूत घालायच्या भानगडीत पडू नकोस. विल्सनचं चरित्र बाबांच्या हाती लागलं, तर ते तुझ्यापेक्षा त्यांच्याच कामाला येईल.

तू १७८७ चा, म्हणजे अमेरिकेची राज्यघटना लिहिणाऱ्या परिषदेतला विल्सन वाचलास. त्याआधीची वीसेक वर्षं वाच. शेतकऱ्याचा मुलगा, सेंट अँड्र्यूज विद्यापीठात शिकलेला, धर्मोपदेशक व्हायचा होता. वडील गेले आणि ते राहून गेलं. फिलाडेल्फियात आला तेव्हा वकिलीचा गंधही नव्हता. १७६६ मध्ये तिथल्या कॉलेजात शिकवायची नोकरी धरली आणि जॉन डिकिन्सन या नावाजलेल्या वकिलाच्या हाताखाली कायदा शिकला. लॉ कॉलेजं तेव्हा तिथे नव्हतीच. सिनियरकडे बसून शिकायचं. १७६७ मध्ये वकिलीची परवानगी मिळाल्यावर तो मोठं शहर सोडून आधी त्याच पेनसिल्व्हेनियातल्या रेडिंगला गेला, जर्मन शेतकऱ्यांच्या मुलखात, आणि मग कार्लाइलला. दावे बहुतेक जमिनीचे. आपल्याकडे तालुक्याच्या कोर्टात सातबारा आणि मोजणीचा नकाशा घेऊन बसलेले पक्षकार दिसतात ना, साधारण तीच जातकुळी. १७७४ पर्यंत त्या काउंटी कोर्टातले जवळपास निम्मे खटले त्याच्याकडे होते. त्याच वर्षी, ब्रिटिश संसदेला वसाहतींसाठी कायदे करायचा अधिकार नाही, असं मांडणारी त्याची पुस्तिका छापून आली आणि पुढच्या वर्षी तो काँटिनेंटल काँग्रेसमध्ये, म्हणजे वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेत, गेला.

घटना परिषदेत बाहेरून आलेल्यांचा मुद्दा निघाला. प्रतिनिधीगृहात (संसदेच्या खालच्या सभागृहात) निवडून यायला आधी किती वर्षं नागरिक असावं, याची मसुद्यातली ३ वर्षांची अट वाढवून ७ केली गेली. विल्सन ४ मागत होता. आपण स्वतः इथे जन्मलेलो नाही, तेव्हा आपणच घडवलेल्या घटनेखाली पद मिळायला आपण अपात्र ठरायचो, असंही तो बोलला. त्याचं ऐकलं गेलं नाही. (आदर्श म्हणतोस म्हणून हेही माहीत असू दे: राज्यांच्या जागा ठरवताना गुलामांची गणती तीन-पंचमांश धरायची तडजोड तिथे मांडणाराही तोच.)

ती ७ वर्षांची अट आजही आहे, आणि तुझा हिशेब तिथूनच सुरू होतो. ग्रीन कार्डनंतर साधारण ५ वर्षांनी नागरिकत्वाचा अर्ज, त्यावर ७ वर्षं. भारतीयांसाठी नोकरीवरच्या ग्रीन कार्डची रांग किती लांब आहे, हे तुला माहीत असेलच. अमेरिकेचं नागरिकत्व घेतलंस की भारताचं सुटतं; मग इथे निवडणूक लढवणं सोड, मतदानही करता येत नाही. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार १९७९ मध्ये अमेरिकेला गेले आणि २०२२ मध्ये मिशिगनमधून प्रतिनिधीगृहात निवडून आले. तेही वकील नव्हेत. रसायनशास्त्रज्ञ आणि उद्योजक.

आता कर्जाचं. विल्सन १७८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पहिल्या न्यायाधीशांपैकी एक झाला. पण उधारीवर जमिनी घ्यायचं त्याचं वेड सुटलं नाही. बाजार कोसळला तेव्हा न्यायाधीशपदावर असताना तो न्यू जर्सीत कर्जापायी तुरुंगात गेला, सुटल्यावर नॉर्थ कॅरोलायनात पुन्हा आत गेला, आणि १७९८ मध्ये तिथेच ईडेंटनला, सावकारांना चुकवत असतानाच, वारला. तुझं शैक्षणिक कर्ज म्हणजे सट्टा नव्हे, मान्य. पण एलएलएम हा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे, त्यानंतर कामाची परवानगी फार तर वर्षभराची, पुढे एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाची लॉटरी. एवढ्या भरवशावर घर गहाण टाकू नये, असंच मीही सांगेन.

मी काय करेन ते सांगतो. पदवी आणि सनद घे, बार कौन्सिलची परीक्षा दे, आणि जिल्हा न्यायालयात दिवाणी कामं करणाऱ्या सिनियरकडे दोन-तीन वर्षं बस. तेवढ्यात शिष्यवृत्तीचे अर्ज सुरू ठेव. चांगली मिळाली तर जरूर जा. कुठल्या राज्यात वकिली करायची ते मात्र अर्जाआधी ठरव. न्यूयॉर्कमध्ये आपली पदवी आणि तिथलं एलएलएम यांवर बारच्या, म्हणजे वकिलीच्या परवान्याच्या, परीक्षेला बसायची वाट आहे, पण तुझी पदवी त्यांच्या अटींत बसते का, हे तिथल्या बोर्ड ऑफ लॉ एक्झामिनर्सकडून तपासून घे. बऱ्याच राज्यांत तिथली जेडी ही तीन वर्षांची कायद्याची पदवीच लागते.

राजकारण कुठल्या देशात करायचं, याबद्दल बाबांशी आधी बोल. या दिवाळीच्या सुट्टीत सिनियर शोधायला लाग आणि राज्य ठरलं की कळव. त्यावरून कॉलेजांची यादी करू.