लोक ओळखू लागल्यावर

प्रिय बाळ,
अनेक उत्तम आशीर्वाद.

इंदूरच्या राजवाड्याचे तुझे जलरंगातील चित्र मोबाइलवरून हजारो लोकांपर्यंत पोहोचले, अनोळखी माणसे तुला रस्त्यात थांबवून बोलू लागली आणि आता या साऱ्याचा अर्थ काय लावावा, असे तू मला विचारले आहेस. हा प्रश्न तुला इतक्या लवकर पडला याचाच मला फार आनंद झाला.

कौतुक झाले आहे तर त्याचा आनंद मोकळेपणाने घे. डोक्यात हवा जाईल, अशी भीती तुला घरचे आणि बाहेरचे सगळेच घालत असतील. मला तिची फारशी चिंता वाटत नाही, कारण तुझा स्वभाव मी जाणतो. माझी चिंता वेगळी आहे. लोक एखाद्याला ओळखू लागतात ते बहुधा त्याच्या एकाच कामावरून, आणि मग ते त्याच्याकडे तेच काम पुन्हा पुन्हा मागत राहतात. त्यात त्यांचा दोष नाही. जे आवडले तेच माणूस मागणार. परंतु मागणी प्रेमापोटी आली की नाही म्हणणे जिवावर येते, आणि चित्रकार नकळत स्वतःचीच नक्कल करू लागतो.

तुझ्या बाबतीत हे सुरू झाले आहे, म्हणून स्पष्ट लिहितो. पहिल्या चित्रात वरच्या लाकडी मजल्यांच्या सज्ज्यांखाली जी सावली होती, ती तू ओल्या कागदावर निळा आणि तपकिरी रंग एकमेकांत उतरू देऊन मिळवली होतीस; तिच्या एका कडेला दगडी भिंतीवरून परतलेल्या उन्हाची किंचित ऊब होती, आणि ती तू तिथे बसून पाहिली होतीस म्हणूनच कागदावर आली. त्यानंतर ऑर्डरीसाठी केलेली जी चित्रे तू मला दाखवलीस, त्यांत सावली सगळीकडे एकाच करड्या निळ्या रंगाची आहे, कडा नेटक्या आणि कोरड्या आहेत, आणि ऊन सकाळचे की दुपारचे ते कळत नाही. चित्रे विकत घेणाऱ्यांना हा फरक जाणवला नाही, कदाचित जाणवणारही नाही. तुला तो जाणवला का, एवढेच मला विचारायचे आहे.

आपल्या इंदूरनेच या बाबतीत पाहण्यासारखे पुष्कळ ठेवले आहे. दत्तात्रय दामोदर देवळालीकर यांनी १९२७ साली येथे चित्रकलेची शाळा उभी केली. नारायण श्रीधर बेंद्रे, मकबूल फिदा हुसेन आणि विष्णु चिंचाळकर हे तिथलेच विद्यार्थी. हुसेन यांचे नाव इतके सर्वदूर झाले की ज्यांनी त्यांचे एकही मूळ चित्र डोळ्यांनी पाहिलेले नाही, त्यांनाही त्यांचे घोडे आणि अनवाणी पाय ठाऊक असतात. देवळालीकरांचे नाव मात्र चित्रकारांच्या वर्तुळाबाहेर क्वचितच निघते. नाव किती दूर गेले यावरून काम किती खोल आहे हे ठरवू लागलो, तर या गुरूला आपण कुठे बसवणार? मला विशेष आदर वाटतो तो बेंद्र्यांचा. निसर्गचित्रांनी त्यांना नाव दिले होते आणि त्याच वाटेने ते आयुष्यभर सुखाने चालू शकले असते. तरीही १९५० पासून बडोद्यात शिकवत असताना त्यांनी आधुनिक शैलींचे प्रयोग केले आणि उतारवयात ठिपक्याठिपक्यांनी रंग उभा करण्याची अगदी निराळी रीत धरली.

अहिल्याबाई होळकरांची एक गोष्ट जॉन माल्कम या ब्रिटिश अधिकाऱ्याने नोंदवून ठेवली आहे. एका ब्राह्मणाने त्यांच्या स्तुतीचा ग्रंथ रचला. बाईंनी तो शांतपणे ऐकून घेतला, इतक्या स्तुतीस आपण पात्र नाही असे सांगितले आणि ग्रंथ नर्मदेत टाकण्याची आज्ञा दिली. यात लोक केवळ विनय पाहतात. मला त्यातले ऐकून घेणे अधिक मोलाचे वाटते: स्तुती करणाऱ्याला त्यांनी मध्येच तोडले नाही, पण ती स्तुती आपल्याजवळ ठेवलीही नाही.

तुझ्या घरची परिस्थिती मला माहीत आहे, त्यामुळे ऑर्डरी सोडून दे असे मी कधीही म्हणणार नाही. राजवाडा मागितला तर राजवाडा दे. मात्र प्रत्येक वेळी तिथे जाऊन बस, वेगळ्या प्रहरी बस आणि जुने चित्र समोर ठेवून नवे काढू नकोस. आठवड्यातला एक दिवस असा ठेव की त्या दिवशी काढलेले काहीही मोबाइलवर टाकायचे नाही. शिवाय तुझी चूक तोंडावर सांगणारी दोन माणसे जवळ बाळग, आणि त्यांचा राग आला तरी त्यांच्याकडे जाणे थांबवू नकोस.

गणेशोत्सवातील सत्काराला अवश्य जा. शाल-श्रीफळ मनापासून स्वीकार, वडीलधाऱ्यांना नमस्कार कर. व्यासपीठावर प्रात्यक्षिकाचा आग्रह झाला, तर तेवढे राजवाड्याचे चित्र काढू नकोस. समोर बसलेल्या एखाद्या आजींना विनंती करून त्यांचे व्यक्तिचित्र काढायला घे. व्यक्तिचित्रात तुझा हात अजून कच्चा आहे, त्यामुळे ते कदाचित सर्वांदेखत बिघडेल. बिघडले तर बिघडू दे, आणि तो कागद फाडून न टाकता मला दाखवायला घेऊन ये.

तुझे शुभ चिंतणारा,
तुझा सर